साठ वर्षे एकाच चर्चमध्ये



ऑलिव्हिए मेस्सियां हे विसाव्या शतकातील थोर फ्रेंच संगीतकार. त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी आव्हिन्यों येथे झाला. १९३१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या पवित्र त्रैक्य चर्चचे ऑर्गनवादक झाले. त्यांचे नवे सूर काही भाविकांना खटकत, तक्रारी होत. तरी त्यांनी जागा सोडली नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना कैद केले. गर्लिट्झच्या छावणीत व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो वाजवणारे तिघे कैदी भेटले. पियानोवर ते स्वतः. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील देवदूत डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी चौघांसाठी रचना केली. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, ती कैद्यांनी ऐकली.

सुटकेनंतर १९७८ पर्यंत त्यांनी पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात शिकवले. बुलेझ, स्टॉकहाऊझन हे त्यांचे विद्यार्थी. इंजिनिअर असलेल्या झेनाकिस यांना त्यांनी आपले गणितच संगीतात आणण्याचा सल्ला दिला. ते स्वतःही शिकत राहिले: रानात पक्ष्यांचे सूर टिपले, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातील ताल अभ्यासले.

जगभर कीर्ती झाली, तरी चर्चमधील ऑर्गनसेवा त्यांनी सोडली नाही. २७ एप्रिल १९९२ रोजी निधन होईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच होते.

गायकवृंदाने नवे गीत घेतले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पुढच्या वेळी थोडे थांबून ऐकू या. आणि टीका झाली म्हणून सेवा सोडणाऱ्यांनी मेस्सियां यांना आठवावे.

आपला धर्मगुरू