ड्रॉइंगच्या मास्तरांचा कारखाना

आमच्या लॅबमधल्या डिझेल इंजिनावर किर्लोस्कर अशी पाटी आहे. त्याची रीडिंग्ज मी दोन वर्षं घेतली (खरं सांगायचं तर बरीचशी सीनियरच्या जर्नलमधून). पण या नावामागचा मूळ माणूस वाचला तो सुट्टीतल्या इनप्लांट ट्रेनिंगनंतर.

ज्या कारखान्यात ट्रेनिंग केलं तिथे शिफ्ट सुटली की गेटवर कामगारांचे डबे उघडून बघायचे. साहेबांच्या गाड्या मात्र सरळ बाहेर. माझ्या शेजारच्या मशीनवर एक जुने फिटरकाका होते. एका बेअरिंगचा आवाज बिघडलाय हे त्यांना केव्हाच कळलं होतं, पण ते सांगायला गेले नाहीत. विचारलं नाही ना कोणी, मग झालं! चार दिवसांनी लाइन बंद पडली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र वाचताना हे काका सारखे आठवत होते. जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि स्वारी मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळली. पुढे मुंबईत व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. फावल्या वेळात वर्कशॉपमध्ये मशीनं समजून घ्यायची. म्हणजे मन लावून काम करणारा माणूस. पण बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनला जागा दिली गेली. मास्तरांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. त्यात नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि नाग, बस्स. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली.

असल्या माळावर बायकापोरं घेऊन कोण जाईल? पण माणसं गेली. शंभूराव जांभेकर यंत्रं बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सुटलेले, ते तिथे कल्पक इंजिनियर म्हणून नावाजले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर चक्क तुरुंगवास भोगून आलेली माणसं ठेवली होती!

मला एक शंका राहतेच. घर कारखान्याच्या वसाहतीत, शेजारी सगळे तिथलेच. माणूस मालकासाठी टिकला की डोक्यावरच्या छपरासाठी, कसं ओळखायचं? फळणीकरांना डोकं चालवायला मिळत होतं, ते टिकले असतील त्यासाठी. एखादा मोल्डर टिकला असेल निव्वळ घरासाठी. पहारेकऱ्याचं मात्र वेगळं वाटतं. त्याला दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं. इथे अख्खं दार त्याच्या हवाली.

लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी माझीही बॅग उघडली गेली. आत रिपोर्ट, मळका एप्रन आणि काकांनी खास घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. वॉचमनने पुडीचा वाससुद्धा घेऊन बघितला. काका शेजारच्या रांगेत डब्याचं झाकण काढून उभे होते.