लोखंडी नांगर आणि कै. लक्ष्मणराव

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे इ. स. १८६९ साली झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या कलाशाळेत गेले. पण काही रंग त्यांच्या दृष्टीस ओळखू येत नसत, म्हणून यांत्रिक आलेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी केली. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर ती सोडून बेळगावास आले आणि बंधू रामचंद्रराव यांच्या सायकलींच्या दुकानास जोडूनच कारखाना थाटला.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने काळी आई विटाळते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! तोवर माल पडून, भांडवल गुंतलेले. त्या दिवसांत भट्टी विझविली असती तरी कोणी दोष दिला नसता, असे आम्हांस वाटते. लक्ष्मणरावांनी ती विझू दिली नाही.

पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा वसाहतीसाठी घेतली. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. संस्थान लहान, रक्कम त्या मानाने मोठी; आणि घेणाऱ्याजवळ तारण काय, तर न खपणारा नांगर! या धाडसाचा अर्धा वाटा श्रीमंतांकडे जातो, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचे रान. इ. स. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. जो विश्वास आपणांस लाभला, तोच लक्ष्मणरावांनी पुढे इतरांवर टाकला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक यंत्रज्ञ झाले. अभ्यासात अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी वाडीचे कुशल व्यवस्थापक झाले. प्रमाणपत्र पाहून माणूस घेण्याची चाल तेथे नव्हती. काम सोपवावयाचे, फसले तर पुन्हा करू द्यावयाचे.

सर्वांत नवल रात्रीच्या पहाऱ्याचे. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेली, गावाने दूर लोटलेली माणसे लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून नेमली. वाडीत बायकामुले होती, कोठीत माल होता. तरी पहारा त्यांच्याच हाती राहिला.