ट्रायम्फचं इंजिन, नॉर्टनची फ्रेम: एडवर्ड टर्नर कोण होते?

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० शेजारून गेली की मान वळतेच. तिच्यात दोन सिलिंडर शेजारी-शेजारी असतात, म्हणजेच पॅरलल ट्विन. हा प्रकार ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने रुजवला तो एडवर्ड टर्नर यांनी.

जन्म १९०१, लंडन. तरुणपणी जहाजावर रेडिओ ऑपरेटर, मग पेकहॅम भागात मोटरसायकलचं दुकान. स्वतःच्या इंजिनाची रेखाचित्रं घेऊन ते कंपन्यांच्या दारात गेले आणि एरियल कंपनीत लागले. १९३६ मध्ये जॅक सँगस्टर यांनी ट्रायम्फ विकत घेतली आणि कॉव्हेंट्रीचा कारखाना पस्तिशीतल्या टर्नर यांच्या हाती दिला.

१९३७ मध्ये स्पीड ट्विन आली. ४९८ सीसी, २७ हॉर्सपॉवर. दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली होतात, पण स्फोट आळीपाळीने होतो. त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का मिळतो. सिंगलमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा. साहजिकच ओढ जास्त एकसारखी. पण माझ्या मते खरी हुशारी वेगळीच होती. इंजिन इतकं आटोपशीर होतं की ते जवळजवळ सिंगलच्याच फ्रेममध्ये बसलं. नवी गाडी, खर्च मात्र कमी!

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झाला. नवा उभा राहिला मेरिडन गावाजवळ. युद्धानंतर मात्र सगळेच ट्विनच्या मागे लागले.

त्यातली सगळ्यात तगडी स्पर्धक म्हणजे नॉर्टन डॉमिनेटर. गंमत बघा, तिचं इंजिन बर्ट हॉपवुड यांचं, आणि ते आधी टर्नर यांच्याच हाताखाली काम करायचे. ट्रायम्फमध्ये दोन कॅमशाफ्ट, सिलिंडरच्या पुढे एक आणि मागे एक. हॉपवुड यांनी पुढे एकच ठेवला आणि एक्झॉस्टची तोंडं लांब-लांब नेली, म्हणजे मधून वारा जाऊन हेड थंड राहील. पुढे १९५० च्या दशकात डॉमिनेटरला फेदरबेड फ्रेम मिळाली आणि वळणावर तिला तोड राहिली नाही. टर्नर यांनी मात्र मागच्या चाकाच्या हबमध्येच स्प्रिंग बसवली होती. दिसायला सुटसुटीत, पण खड्ड्यात फारशी मदत नाही.

मग पोरांनी काय केलं? नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन टाकलं आणि नाव ठेवलं ट्रायटन. टर्नर यांचं कौतुक आणि त्यांच्यावरची टीका, दोन्ही एकाच गाडीत!

१९५९ च्या बॉनव्हिलमध्ये ६४९ सीसी आणि दोन कार्ब्युरेटर होते. अमेरिकेत ती तुफान चालली. पण एकदम हलणारे पिस्टन मोठे झाले की हादरेही वाढतात. आज त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट असतो, या गाडीत तो नव्हता.

१९६० मध्ये टर्नर जपानला गेले. होंडा, सुझुकी, यामाहाचे कारखाने पाहून हादरले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या लोकांना सावध करणारा अहवाल दिला. तरी ब्रिटिश कंपन्या तीच जुनी इंजिनं ताणत राहिल्या. १५ ऑगस्ट १९७३ रोजी टर्नर गेले. पुढच्याच महिन्यात मेरिडन बंद करण्याची घोषणा झाली आणि कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला.