शत्रूच्या नाण्यांवर मोहोर उमटविणारा राजा

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा हे गाव आहे. १९३९ मध्ये, हा भाग अकोला जिल्ह्यात असताना, तेथे सुमारे दीड हजार सातवाहन नाणी सापडली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटीन या मिश्रधातूच्या या नाण्यांवर एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह आहे. या घराण्याचा सर्वांत पराक्रमी पुरुष म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

तो गादीवर आला तेव्हा घराण्याचा पडता काळ होता. क्षहरात क्षत्रप नहपानाने नाशिक, जुन्नर व मावळचा मुलूख बळकावला होता. भडोचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी उतरत आणि फायद्याने बदलून घेतली जात. सातवाहनांचे कल्याण बंदर मात्र ओस पडत होते. तेथे चुकून येणारी ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जात. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर पाश्चात्त्य धर्तीचा राजमुखवटा व ग्रीक अक्षरे होती. मागील बाजूस बाण आणि वज्र होते.

गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षाचा नाशिक येथील लेख विजयी सैन्याच्या छावणीतून दिलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले शेत त्याने भिक्षूंना दान दिले.

शत्रूची चांदी मात्र त्याने वितळविली नाही. तिच्यावरच आपले तीन कमानींचे चैत्यचिन्ह, आपले नाव आणि उज्जयिनी चिन्ह ठोकले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची १३,२५० नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक अशी पुन्हा ठोकलेली होती. बाजारात रुळलेले चलन तसेच राहिले, फक्त धनी बदलला. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही ही चिन्हे पाहून सत्तांतर उमगले असेल.

पुढे नातवाचे राज्यही मातेने पाहिले. पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात त्याच्या पित्याची कीर्ती कोरविली. विदर्भासह अनेक प्रांतांचा स्वामी म्हणून तीत गौतमीपुत्राचा गौरव आहे. याच पुळुमावीच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा दिसतो. पित्याने ज्या मुखवट्यावर घाव घातला, तीच रीत पुत्राने आपलीशी केली.