साने गुरुजी : मुलांना औदार्य शिकविणारे शिक्षक



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामातील आईबापांपुढे एका शिक्षकाचे चरित्र ठेवावे, असे मनात आले. ते शिक्षक ख्रिस्ती नव्हते; तथापि आपल्या एरंडोलच्या शेजारी, अमळनेर येथे त्यांनी मुलांना परोपकाराचा जो धडा दिला, तो प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने मनावर घ्यावा असा आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरून घरात दारिद्र्य शिरले होते. अशा घरातही माता यशोदाबाईंनी मुलाला देण्याचे वळण लावले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात त्या संस्कारांच्या आठवणी आहेत. त्यातील एका प्रसंगी, मोळी खाली पडून असहाय झालेल्या एका वृद्ध अस्पृश्य स्त्रीला हात देण्यास आई श्यामला पाठविते आणि परतल्यावर स्नान करावयास सांगते. रूढीचे बंधन सुटले नव्हते. दया मात्र त्यापायी थांबली नाही. ही माउली १९१७ साली निवर्तली. तिची शिकवण मुलाच्या हृदयात राहिली.

१९२४ साली साने अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले व पुढे तेथील छात्रालय सांभाळू लागले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुशीत. कोणी आजारी पडला तर उशाशी बसून शुश्रूषा करीत. पगारातील पैसा गरीब विद्यार्थ्यांच्या गरजांसाठी खर्च होई. त्यांनी कोणास दोष दिला नाही. परंतु गुरुजींचे हात पाहून मुले ओशाळली आणि स्वतः कामास लागली. जो धडा शंभर व्याख्यानांनी वळला नसता, तो एका केरसुणीने वळला.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळे, त्रिचनापल्ली व नाशिक येथील तुरुंगवास त्यांनी सोसला. खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांची दुःखे आपली मानली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले व ते द्वार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. अखेरीस मनाच्या असह्य व्यथेत ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्या थकलेल्या जिवाचा न्याय करणे आपले काम नव्हे. आपण त्यास परमेश्वराच्या अपार दयेच्या हाती सोपवावे.

आता आपणांकडे वळू. रविवारी मुलाच्या मुठीत नाणे देऊन ते दानपेटीत टाकावयास लावणे सोपे आहे; पण ते नाणे बापाचे असते, मुलाचे काहीच कमी होत नाही. शुभवर्तमानातील विधवेने आपल्या उदरनिर्वाहातूनच दिले होते. मुलाने आपल्या खाऊतला वाटा काढावा. ज्या घरी चूल पेटली नाही, तेथे धान्य पोहोचविताना आईने त्याला सोबत न्यावे. मात्र त्या घरच्या गरिबीची वाच्यता शाळेत वा ओट्यावर करू नये, हेही बजावून सांगावे. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे दान औदार्य नव्हे. आणि सर्वांत आधी मुलाने आपल्या आईबापांचे हात देताना पाहावेत. ते हात मिटलेले असतील, तर आम्हा धर्मगुरूंचे प्रवचन व्यर्थ होय.

हा महोत्सव सरेल, पताका उतरतील. त्यानंतर आपल्या मुलांच्या हातांस देण्याची सवय उरली, तर तोच या महोत्सवाचा खरा प्रसाद ठरेल. प्रभू येशू आपणा सर्वांस तशी सुबुद्धी देवो.