डॉ. भाऊ दाजी लाड : एक चरित्ररेखा

अंगावरील चट्टा पाहून आप्तही दूर सरतात, तेव्हा रोग्याजवळ जाऊन बसतो तोच खरा वैद्य होय. डॉ. भाऊ दाजी लाड अशा वैद्यांपैकी होते. समाजातील विद्यार्थ्यांस व पालकांस बोधप्रद व्हावे, म्हणून आम्ही त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोमंतकातील मांद्रे हे त्यांचे जन्मग्राम. त्यांचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलास इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांस दिला, असे सांगतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्ययन करून ते तेथेच शिक्षक झाले. बालहत्येच्या दुष्ट रूढीवरील त्यांच्या निबंधास पारितोषिकही मिळाले. परंतु १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच त्यांनी शिक्षकाची खुर्ची सोडली आणि ते पुनश्च विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

पाश्चात्य वैद्यक शिकूनही भाऊंनी स्वदेशी विद्या टाकली नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधींची ते स्वतः पारख करीत. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांचा उपचार केला व अनेकांस गुण आला. या रोगाचा जंतू नॉर्वेचे हॅन्सेन यांस १८७३ साली दिसला; पुढच्याच वर्षी भाऊ निवर्तले. १९४० नंतर डॅप्सोन आले, तोपर्यंत याच जातीच्या तेलांवर जगभरच्या वैद्यांची भिस्त होती. १८६९ व १८७१ साली मुंबईचे शेरीफपदही भाऊंस लाभले.

हेच चरित्र आम्ही वर्गात शिकवीत असू. तरीही एका मुलाच्या दंडावर चट्टा दिसताच आम्ही त्यास वेगळे बसविले. तो पुन्हा शाळेत आला नाही. ते आठवले की आजही आमची मान खाली जाते.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. खापरखेड्यातील समाजबंधूंनी व भगिनींनी घरात कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये, रोग्यास दूर लोटू नये व विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. भाऊंचे पुण्यस्मरण याहून निराळे नाही.