कवी नारायण वामन टिळक : एका दुरावलेल्या आप्ताचे चरित्र

आपल्या ज्ञातीतील घराण्यांचे कुलवृत्तांत सिद्ध करण्याची परंपरा जुनी आहे. सेवानिवृत्तीनंतर आम्हीही पेडगावी बसून आमच्या शाखेची वंशावळ लिहावयास घेतली. तींत आजोबांच्या धाकट्या बंधूंच्या नावापुढे केवळ एक आडवी रेघ आढळली. ते हेकट होते व घर सोडून गेले, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रेघेचा विचार करीत असता आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आठवले. ते येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक. टिळक सुमारे अकरा वर्षांचे असता मातोश्री निवर्तल्या आणि त्या घरात त्यांचे मन रमेनासे झाले. ते बाहेर पडले व नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. परंतु घर सुटले ते सुटलेच. पुढे शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, संपादक अशा अनेक भूमिका त्यांनी केल्या; एका गावी, एका नोकरीत ते फार काळ टिकले नाहीत. हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावा व न सांगता परगावी निघून जावे, अशी त्यांची रीत होती.

या रीतीची झळ सोसली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. विवाहसमयी वय अकरा वर्षांचे. त्यांच्या माहेरचीही कथा विचार करण्याजोगी आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मातुल आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेले, आणि साऱ्या कुटुंबाचा जीव मेटाकुटीस आला. वडील विक्षिप्त होते, एवढे म्हणून ही कन्या थांबली नाही. विक्षिप्तपणाचे मूळ तिने घराण्याच्या दुःखात शोधले.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांच्या हाती ख्रिस्ती धर्मग्रंथ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्ञाती तुटली, आप्त दुरावले. पदरी लहान पुत्र असलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. जातिभेद मनुष्याने केला, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाने घेतले तेव्हाच ते सुटले. १९०० साली राहुरी येथे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, हे नमूद केले पाहिजे.

धर्म बदलला तरी टिळकांची मराठी वाणी बदलली नाही. त्यांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजने रचली, ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि बालकवी ठोंबऱ्यांस आपल्या घरी पुत्रवत् ठेवून घेतले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांनी अपूर्ण ठेवलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

पुढे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्राची साधने जमविण्याचे मनावर घेतले व मातोश्रींस आठवणी लिहून देण्याची विनंती केली. औपचारिक शिक्षण नसलेल्या त्या माउलीने जे लिहिले, तेच स्मृतिचित्रे. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. पतीचे दोष त्यांनी झाकले नाहीत, स्वतःचेही नाहीत. आणि तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयी राग उरत नाही. आईवाचून पोरका झालेला तो मुलगा सतत डोळ्यांपुढे राहतो.

हे ध्यानी आल्यावर आम्ही आमच्या वृद्ध आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेऊन सांगितले, की त्या चुलत आजोबांची आई ते सात वर्षांचे असता वारली, आणि पुढे तीन नातलगांच्या दारी ते वाढले. कोठेच त्यांना आपले म्हणून कोणी जवळ घेतले नाही. आमच्या घराने त्यांच्या हेकटपणाचीच तेवढी आठवण जपली होती. वंशावळीतील ती रेघ आम्ही खोडली असून ही माहिती तेथे लिहिली आहे.

संघाच्या सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे, की आपापल्या घराण्याची माहिती पाठविताना अशी नावे गाळू नयेत. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच ही विचारपूस करता येते.